नजीरभाईंच्या डोळ्यातली लेन्स

४ डिसें.
लोहाऱ्याचे नजीरभाई आले. मोटार वाइंडिंगचं दुकान. दोनेक वर्षांमागे उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात, प्रमोदच्या हातचं. म्हणाले, "मॅडम, समोरून गाडी आली का सारा उजेड फाकते. बारीक तार तर दिसूनच नाही राह्यली."
यंत्राखाली पाहिलं. तेव्हा बसवलेल्या लेन्सच्या पुढच्या बाजूवर खरखरीत बारीक कण, गाडीच्या काचेवर धुकं बसावं तसे. पुसता न येणारे. लेन्सला धरून ठेवणारी मागची पिशवी मात्र स्वच्छ.
प्रमोदने घाईत डोकावलं. "पिशवी धुरकटली. लेसर करून टाकू."
आपला नवरा नेत्रतज्ज्ञ आहे, हे मला बाहेरच्या पाटीवर वाचावं लागतं.

६ डिसें.
लेसरने पिशवीला भोक पडतं. मग लेन्स बदलणं धोक्याचं. प्र.ला हे माहीत नाही? पक्कं माहीत आहे. म्हणजे चूक नव्हे, लबाडी. लेन्स खराब म्हटलं की ती आणली कोणी, हे आलं. लेन्स कंपनीच्या एजंटाने घडवलेली गोव्याची सहल आली. फोटोत टोपी घालून हसतोय, शहाणा.
"तू कायले वाढवून राह्यली?" म्हणाला. चिडला की कॉन्फरन्सचं इंग्रजी गळून पडतं. खाली फार काही नाही.

९ डिसें.
मी पोचले तर नजीरभाई लेसरच्या खुर्चीवर, डोळ्यात थेंब टाकलेले. थांबवलं. त्यांच्यासमोरच सांगितलं: भाई, लेन्सच खराब झाली. काढून दुसरी बसवावी लागेल. मी करीन, पण जोखीम आहे.
ते प्र.कडे वळून, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तर म्हणत होते का उमर झाली म्हून होते."
प्र. पेन शोधायला लागला. खिशालाच होता.

१७ डिसें.
लेन्स काढली. आतच कापून, तुकड्यांनी. पिशवी शाबूत. नवी बसली.
प्र. नागपूरला, "महत्त्वाचं काम". भित्रा.

१८ डिसें.
पट्टी काढली. नजीरभाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्ही लय थकल्या दिसता."

२ जाने.
सासूबाईंच्या डोळ्याची तपासणी झाली. मोतीबिंदू आहे, काढायला हवा. जेवताना प्र., ताटाकडे बघत: "आईचं तू कर. ती लेन्स नको टाकू पण. दुसरी मागवतो."
आणि परवाच केळापूरच्या एका बाईंना तीच टाकली याने.
"बाकीच्यांचं काय?" मी विचारलं.
"भात वाढ."
नाही वाढला.

३ जाने.
उरलेल्या लेन्सचे डबे माझ्या कपाटात घातले, कुलूप लावलं.
संध्याकाळी केळापूरच्या त्या बाईंच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. "सासूबाई बऱ्या हायेत मॅडम, मस्त दिसून राह्यलं त्यायले. काहून फोन केला?"
प्र. दारात येऊन उभा. मान हलवून नाही, नाही म्हणत होता.
मी म्हटलं, "त्यांनाच फोन द्या जरा."