पाकीट कोणी फोडलं?

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, तोही चक्क वाकून. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला हटला का? (नसेल तर आता तो घरचाच समजावा.) इकडे सगळं क्षेम आहे, फक्त माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

त्याचं असं झालं. माझी ती मुलाच्या मोठं होण्याची कादंबरी, जी तू 'डोळे दुखतात' म्हणून अजून वाचलेली नाहीस, ती इथल्या कॉलेजात अभ्यासाला लागली आहे. परवा प्राध्यापिका बाईंनी मला वर्गात बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'विश्वासघात आणि प्रायश्चित्त : लेखकाची तंत्रे'. बाई म्हणाल्या, घरातलं हिरवं कपाट हे दडपलेल्या सत्याचं प्रतीक आहे. अगं, आपलं कपाट हिरवंच होतं! दारांना लावून उरलेला रंग वडिलांनी त्याला फासला होता. पण मी मान डोलावली. मग गळका नळ म्हणजे हातून निसटणारं बालपण निघालं. त्यालाही डोलावली. (कादंबरीला आयती खोली मिळत असेल तर नको कोण म्हणेल?)

गोष्ट तुला ठाऊक नाही म्हणून सांगतो. ती सांगणाऱ्या मुलाला चित्रकलेच्या शाळेतून प्रवेशाचं पत्र येतं. थोरली बहीण ते चोरून फोडते आणि वडिलांच्या हाती देते. वडील ते दडवून ठेवतात, मुलाचं शिक्षण हुकतं. शेवटी बहीण रडत माफी मागते, मुलगा मोठ्या मनाने क्षमा करतो. (त्या पानावर वाचक रडतात म्हणे.)

तर मागच्या बाकावरची एक जाड चष्म्याची मुलगी उठली. म्हणाली, "सर, बहिणीने पाकीट किटलीच्या वाफेवर धरलं, मग फोडलं, डिंक बोटांना चिकटला, हे त्या मुलाला कसं माहीत? तो तर तेव्हा शाळेत होता ना?"

मी उगाच पुस्तकाची पानं चाळू लागलो. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "बघा! गोष्ट सांगणाराच खोटं बोलतोय! घात त्यानेच केलाय, आणि लेखकाने तो किती खुबीने लपवलाय!" टाळ्या पडल्या. ताई, मी उभा राहून त्या घेतल्या. हातसुद्धा जोडले.

घरी आल्यावर ते पान पुन्हा उघडलं. तुझं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र मीच फोडलं होतं. तू लांब गेलीस तर माझा डबा कोण भरणार, एवढ्या एका विचाराने ते वडिलांना नेऊन दिलं. तू मला कधी विचारलंही नाहीस. जन्मभर नर्स झालेल्या दुसऱ्या मुलींचे गणवेश शिवलेस, आणि मी त्याचं पुस्तक करून वर तुलाच चोर ठरवलं. हे कसलं तंत्र गं, या तर चोराच्या उलट्या बोंबा.

तुझा,
(विशेषण तूच घाल)

ता. क. : दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांना बहिणीची चार ओळींची प्रस्तावना हवी आहे. 'माझा भाऊ लहानपणापासून सत्यवचनी' एवढं लिहिलंस तरी पुरे.

आणखी ता. क. : वरचा ता. क. खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून राहू दिला. वाचू नकोस. त्या चष्मेवालीने तुझा पत्ता मागितला होता. आधी आठवत नाही म्हणालो, आज सकाळी जाऊन देऊन आलो. रविवारी येईल. विचारेल ते खरं खरं सांग. मीही येऊ का? आत नको म्हणालीस तर जिन्यात उभा राहीन.