बस्त्यावच्या गाडीचा कार्बोरेटर

नंदाखाल, रवि. २ ऑक्टो. ८८

चर्चमध्ये सकाळची मिस्सा. आल्यावर गाडी चालू करून पाहिली. नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पेट घेत नाही. जुलैपासून हेच. बावखल, म्हणजे वाडीतले तळे, भरून पाणी अंगणात आले, गाडीत पायांपर्यंत चढले, आणि तिथला कॉम्प्युटरचा डबा दोन दिवस पाण्यात राहिला. मस्कतहून आणलेल्या या छोट्या ट्रकचे सगळे डोके त्या डब्यात. पेट्रोल किती, केव्हा, ठिणगी केव्हा, तोच ठरवतो. डबा मेला, आणि चांगले इंजिन, चांगला पंप, पेट्रोलच्या चारही पिचकाऱ्या नुसत्या उभ्या.

दोन गॅरेजवाले येऊन गेले. दोघांनी बॉनेट उघडून "बाप रे" म्हटले. त्यापुढे निदान नाही.

बस्त्याव पायरीवर बसून होता. माझा धाकटा भाऊ, पण वय शेहेचाळीस. चौदा वर्षे मस्कतला. मार्चमध्ये कायमचा आला, गाडी घेऊन. वाड्यांतली फुले नि केळी दादरला पोचवायची असे ठरले होते. बारा वाडीवाले तयार आहेत. आज म्हणाला, "एजंटचं पत्र आलंय. २९ला अंधेरीला पासपोर्ट द्यायचा. मस्कतचं, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट."

"आणि गाडी?"

"डब्याशिवाय काय करू, बाय? तिथे गेलो की नवा पाठवतो."

आत त्याची बायको सिसिलिया भांडी आपटत होती. नवरा चौदा वर्षांनी घरी आलेला, त्याला सात महिने झाले.

मंगळ ४ ऑक्टो.

वाडीचा पंप बंद. उमेळ्याचा हरेश्वर आला. पंपाच्या कामात त्याच्यासारखा हात या बाजूला नाही. काम आटोपून गाडीभोवती फिरला. "टीचर, ह्याचा कार्बोरेटर कुठं हाय?"

नाही म्हटले. कार्बोरेटरऐवजी चार पिचकाऱ्या, त्या आपापल्या सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल मारतात. पाटीवर काढून दाखवले.

"म्हंजे तोंड शिवलं नि चार सुया टोचल्या. मग तोंड उघडू या की. पेट्रोल, हवा, ठिनगी. चवथा काय लागत नाय."

बस्त्यावला राग आला. "गल्फची गाडी आहे ती. जीपचा कार्बोरेटर लावून फटफटी करायची?"

"आता तरी काय हाय, शेट? कोंबड्यांचा खुराडा."

खरे होते. मागे दोन अंड्यांवर बसल्या आहेत.

रात्रभर विचार करण्यासारखे काही नव्हते. करायचे ठरवले.

शुक्र ७ ऑक्टो.

काल कुर्ला, भंगार बाजार. हरेश्वर नि मी. बस्त्यावचे डोके दुखत होते.

जीपचा कार्बोरेटर मिळाला. याच इंजिनाच्या बिगर-डब्याच्या जुन्या मॉडेलचा डिस्ट्रिब्युटर मिळाला, हे नशीब. त्याशिवाय ठिणगीची वेळ साधली नसती. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, गाडी आप चलाएंगी?" म्हटले, आधी हा पार्ट पुसून दाखवा, मग बोलू. पुसला. भेग निघाली. दुसरा घेतला.

बुध १२ ऑक्टो.

सातिवली, लेथवाल्याकडे. कार्बोरेटर बसवायला कोपरा-नळी हवी: एक तोंड इंजिनाच्या मापाचे, एक कार्बोरेटरच्या. शिवाय पिचकाऱ्यांच्या चार भोकांना पितळी बुचे. माप कागदावर नीट काढून दिले होते. लेथवाला म्हणाला, "बाई, ड्रॉइंग बघून भीती वाटली. शाळेत नापास झालो होतो ना." कुठल्या शाळेत, ते विचारले नाही. आमच्याच असणार.

नळी चांगली झाली आहे.

रवि. १६ ऑक्टो.

मिस्सेनंतर कातरीनबाय भेटली. तिचा मुलगा डॉमनिक बस्त्यावबरोबरच मस्कतला होता, अजून आहे. म्हणाली, "तुमच्या गाडीचा तो डबा डॉमनिकने ऑगस्टमध्येच घेऊन ठेवलेला. कुणाबरोबर तरी पाठवणार होता. तुझ्या भावानेच कळवलं, नको पाठवू, मीच येतो."

"असेल," म्हटले. केळ्यांची चौकशी केली. घरी आले.

म्हणजे गाडी बंद राहिलेली त्याला हवी आहे.

संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला तो माझ्या शेजारी गुडघ्यावर होता. मोठ्याने म्हणत होता.

सोम. १७ ऑक्टो.

आज जुन्या वायरी काढायच्या होत्या. मनगटाएवढा जाड जुडगा. पहिल्यापासून बस्त्याव म्हणतो, कापू नका, डबा आला तर लागतील.

हरेश्वर नळी बसवत होता. मी पक्कड बस्त्यावच्या हातात दिली. "डॉमनिकचा डबा तूच नको म्हणालास. मग या वायरी कशासाठी?"

लाल झाला. लहानपणी व्हायचा तसा. मग हळू म्हणाला, "बाय, तिथे मी स्टोअरकीपर आहे. चाळीस माणसं मला विचारून सामान उचलतात. इथे मी कोण? टीचरचा भाऊ. गाडी दुरुस्त करायची का, हेसुद्धा मला कुणी विचारलं नाही. तुम्ही कुर्ल्याला निघालात तेव्हा कळलं."

तेहेतीस वर्षे वर्गात प्रश्न विचारले, याला एकही नाही.

म्हटले, "तर मग आता विचारते. कापायच्या का?"

तो गाडीपाशी बसला आणि स्वतः कापल्या. एकेक. प्रत्येक टोकाला पट्टी गुंडाळून पेनाने नंबर घातला. १ ते ३४. जुडगा पिशवीत घालून माळ्यावर ठेवला.

हरेश्वर : "मुडद्याला नंबर कशाला, शेट?"

"स्टोअरमध्ये काही फेकत नाहीत."

कापल्या, हे खरे. नंबर घातले, हेही खरे.

मंगळ १८ ऑक्टो.

सगळे बसले. सेल्फ मारला. दोनदा धडधडले आणि बंद. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल वाहू लागले, इंजिनावरून खाली मातीत. रोझरीच्या महिन्याची मेणबत्ती घरच्या अल्तारावर पेटलेली, ओसरीत, दहा पावलांवर. सिसिलियाने धावत जाऊन विझवली. आम्हा तिघांना सुचले नव्हते.

हरेश्वर म्हणतो, आतली सुई खराब, पेट्रोल अडवत नाही. सुई बदलली. तेच. पुन्हा बदलली. तेच.

बुध १९ ऑक्टो.

चूक सापडली, आणि ती माझी. पेट्रोलच्या टाकीतला पंप तोच ठेवला आहे. तो पिचकाऱ्यांसाठी केलेला, जबर दाबाने ढकलतो. कार्बोरेटरच्या सुईला त्याच्या दहाव्या हिश्शाचा दाब पुरतो. हरेश्वरला हे सुचणे शक्य नव्हते. वाडीच्या पंपाला टाकी इंजिनाच्या डोक्यावर, पेट्रोल आपल्या वजनाने उतरते. जन्मभर त्याने तेच पाहिले. मी जन्मभर दाबाचा धडा शिकवला.

दसऱ्याची फुले आज दुसऱ्याच्या टेम्पोने गेली. बस्त्याव फाटकात उभा राहून बघत होता.

गुरु २० ऑक्टो. दसरा

हरेश्वरने सणाच्या दिवशी येऊन आपला उपाय केला. पाच लिटरचा कॅन टपावर बांधला, नळी कार्बोरेटरला. सेल्फ. इंजिन लागले. दहा मिनिटे चालले, खोकत, काळा धूर सोडत. कोंबड्या पळाल्या. हरेश्वरने इंजिनाला झेंडूची माळ घातली.

"झालं, टीचर. वाडीत असंच चालतं."

"वाडी हायवेने दादरला जात नाही. टपावर पेट्रोल बांधून माझा भाऊ कुठेही जाणार नाही."

बस्त्याव हसला. "टपाचं ठरलं. आता भाऊ कुठे जाणार ते ठरू दे."

मी चहा टाकायला आत गेले.

शनि. २२ ऑक्टो.

बस्त्याव सकाळी न सांगता बाहेर पडला. सिसिलियाने कपाट उघडून पासपोर्ट पाहिला. होता. चार वाजता आला, कुर्ल्याहून, हातात कमी दाबाचा पंप. जुन्या मोटारीचा. बसवायच्या आधी पाण्याच्या बादलीत नळी बुडवून तपासला. मला विचारले नाही. हरेश्वरलाही नाही.

मंगळ २५ ऑक्टो.

तीन दिवस तो गाडीखाली किंवा गाडीत. इंजिन चालते, पण गाडी उभी असली की अडखळते. त्याने कोपरा-नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. जिथे आवाज बदलला तिथून हवा ओढत होती. पॅकिंग नवे कापले, माझ्या जुन्या शालेय नकाशाच्या पुठ्ठ्यातून. आफ्रिका गेली. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलचे भोक, एक नंबर लहान घातला, धूर कमी झाला.

जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब बाय, आत्ता नीट ऐकू येतंय."

गुरु २७ ऑक्टो.

आगाशीपर्यंत फेरी. मागे केळीचे घड, शेजाऱ्यांचे. मी पुढे बसले. चढाला ताकद पूर्वीइतकी नाही, पेट्रोलही जास्त खाते. त्याने ते मला सांगितले, जसे गिऱ्हाइकाला सांगतात. येताना तीन वाडीवाल्यांनी हात करून थांबवले. "शनिवारी येनार ना?" एकाने विचारले. मला नाही, त्याला.

"शनिवारी येतो," म्हणाला.

शनिवार म्हणजे २९.

शुक्र. २८ ऑक्टो.

दुपारभर सिसिलियाला गाडी दाखवत होता. चोक किती ओढायचा, केव्हा आत ढकलायचा, पेट्रोल तुंबले तर काय करायचे. ती म्हणाली, "मला कशाला हे?" तो म्हणाला, "कुणाला तरी यायला हवं."

संध्याकाळी तिने मला विचारले, "बाय, याचा अर्थ काय?" म्हटले, शिकून ठेव.

शनि. २९ ऑक्टो.

पहाटे भरून गेला. बाराच्या बारा वाड्यांच्या टोपल्या, प्रत्येकीवर नंबर. सिसिलियाने कपाट पाहिले. पासपोर्ट नाही. दादरहून येताना अंधेरी वाटेतच.

सकाळी हरेश्वर डोकावला. "पयल्या सेल्फला लागली का?" लागली. समाधानाने गेला. पासपोर्टचे त्याला माहीत नाही.

स्वयंपाक झाला. सिसिलिया म्हणाली, "आला की तुम्ही विचाराल ना? तुमच्यापुढे खोटं बोलणार नाही तो."

"मी विचारणार नाही. सांगितले तर ऐकायचे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर जेवायचे."

तिला ते आवडले नाही. मलाही फारसे नाही.

पाऊण वाजता वळणावर गाडीचा आवाज आला. गिअर नीट पडला. सिसिलिया उठून फाटकाकडे गेली. मी तीन ताटे घेतली.