निबंधाला वाहिलेलं कुंकू

प्रिय मामी,

सृष्टीचा नमस्कार. आधीच माफी मागते, शुद्धलेखन चुकणार. आठवीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, आणि टाईप एका बोटानं करते, त्यामुळं हे कधी पोचेल सांगता येत नाही. मामांचा गुडघा कसाय? फोनवर मला बोलता येत नाही (तुम्ही "हॅलो" म्हटलं की माझं सगळं संपतं), म्हणून लिहितेय.

ऋतुजाताई अभ्यास करते का बघ, असं सांगून तुम्ही मला इथं पाठवलंत. ती खूप कष्ट करते. कॉलेजात निबंध द्यायची तारीख जवळ आली की आधी पंखा पुसते, मग ब्लँकेट धुते, मग डाळी उन्हात घालते. हडपसरला आल्यापासून झाडू माझ्या हाती लागलेला नाही. मग मैत्रीण दीक्षा "आज संपवूनच टाकू" म्हणत येते. डोकं चालावं म्हणून दोघी मिसळ खाऊन येतात आणि झोपतात. शेवटच्या दिवशी मात्र ताई जेवायलासुद्धा उठली नाही. पाणीटंचाईवर जाडजूड निबंध लिहिला, प्रिंट काढून आणली आणि अंघोळीला गेली.

तेवढ्यात तुमचा मेसेज आला, कागद गणपतीच्या पायाशी टेकवून आण, तिला सांगू नको, ती हसते. मी पळत चौकातल्या देवळात गेले. नुसता टेकवायचाय, एवढंच गुरुजींना सांगायचं होतं, पण माझं तोंडच उघडेना. त्यांना वाटलं नव्या फ्लॅटचे कागद आहेत. त्यांनी पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू आणि फूल वाहिलं आणि वर नारळ फोडला. पाणीटंचाई चिंब भिजली. मी घाबरून सगळं पिशवीत कोंबलं, घरी आले, आणि ताईनं कॉलेजला निघताना घाईत तीच पिशवी उचलली.

पुढचं दीक्षानं सांगितलं. मॅडमनी पान उलटलं तर आतून फूल पडलं. म्हणाल्या, "यथासांग पूजा झालेली दिसतेय. विसर्जन तुम्ही करताय की मी करू?" वर्ग हसला. आता सोमवारी नवीन प्रिंट द्यायचीय आणि उशिराचे मार्क कापणार.

तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. दीक्षाला म्हणाली, "हिला रविवारच्या गाडीत बसवून देते." गेले तर माझा पार्लरचा कोर्स अर्धा राहील. आत्ता कुठं आयब्रो शिकवल्यात (एका बाईंच्या जरा वरखाली झाल्या, पण त्या मुळातच चिडक्या होत्या). घरी बाबा परत शेळ्यांमागं धाडतील.

बाकी सगळं ठीक.

तुमची,
सृष्टी

ता.क. गणपतीची आयडिया तुमची होती, एवढं ताईला फोन करून सांगाल का? मी अजून तुमचं नाव घेतलेलं नाही. ती तुमच्यावर चिडेल, पण तुम्ही लांब आहात.

ता.क. २ आत्ताच खाली पार्किंगमध्ये भलीमोठी धामण निघाली. सापवाले पकडून घेऊन गेले. ताई खुर्चीवर चढून ओरडली, "सृष्टे, आधी दार लाव!" म्हणजे बोलली. तरी फोन कराच, धामण काय रोज निघत नाही.