टोपड्यासाठी कातलेली कोकराची लोकर

॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब, मार्गशीर्ष

सौ. विहीणबाईंस पद्मजाचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमचे गुडघे, व्याहीबुवांचा खोकला आणि आमच्या गौरीच्या पायांवरची सूज, तिन्ही उतारावर असतील अशी आशा करते. इकडे आम्ही बरे आहोत. यंदा कापसाच्या भावाचं काही खरं नाही, त्यामुळे ह्यांचं जिनिंग बंद आहे आणि हे दिवसभर घरात आहेत. एवढं सोडलं तर माझ्या प्रकृतीला काही झालेलं नाही. गौरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं की तुमच्याकडे वणीला, हा विषय पुरुषमंडळींत चालू आहे असं कळतं. (सध्या आमच्याकडे ओढाताण, आमच्यावर उगाच बोजा नको, हा तुमचा निरोप मिळाला. काळजीबद्दल आभारी आहे.) मी त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त लोकरीबद्दल आहे.

त्याचं असं झालं, की वेचणी आटोपल्यावर शेजारच्या सदाशिवरावांनी आपल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या. मी तुरीच्या शेंगा आणायला गेले, तर बांधावर धनगरीण कोकरांची पहिली लोकर कातरत होती. पहिली म्हणजे आपल्या लेखी जावळच की. एवढी मऊ, की मी तिथेच टेकले, आणि बसल्या बसल्या मला एक टोपडं दिसायला लागलं. मग टोपड्याखाली बाळ दिसलं. बाळाचं नाक गौरीचं होतं. (अनिकेतरावांचं नाक चांगलंच आहे, पण मला जे दिसलं ते सांगते.) शेंगा बांधावरच राहिल्या आणि मी लोकरीचं पोतं घेऊन घरी आले.

पोत्यात लोकर निम्मी, बाकी गोखरू, लेंड्या आणि वास. आमच्याकडे दही घालणाऱ्या सोनीबाई दारातच नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, घरात मेंढरं पाळून राह्यल्या काय? कायले एवढा ताप? टोपी त बजारात भेटते नं!" मी त्यांना जावळाचं सांगितलं, तर दही ठेवून निघूनच गेल्या. ह्यांचं मात्र वेगळं. ह्यांचं उभं आयुष्य कापसात गेलं, त्यामुळे लोकर म्हणजे जरा केसाळ कापूस, अशी ह्यांची समजूत. मला बाजूला सारून ह्यांनी हंड्यात सोडा टाकला, लोकर खळखळा उकळली आणि वरून काठीने घुसळली. बाहेर काढली तर हंड्याच्या बुडाएवढं एकच घट्ट, गोल बसकण तयार! आता त्यावरच बसून पेपर वाचतात, आणि आल्यागेल्याला सांगतात की बसकणच करायचं होतं.

उरलेली लोकर मी रिठ्याच्या कोमट पाण्यात, तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी धुतली, गच्चीवर वाळवली आणि बोटांनी मोकळी केली. शाळेत टकळीवर माझा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मोठ्या तोऱ्यात बसले. पण टकळी कापसाची आणि हातही कापसाचेच. कापसाचा तंतू आखूड, म्हणून दोन्ही हात जवळ ठेवायची सवय. लोकरीचा तंतू लांब, हात जवळ असले की तो दोन्हीकडून धरला जातो आणि सरकतच नाही. मी ओढतेय, तो हटून बसलाय. टकळी वरणाच्या पातेल्यात पडली तेव्हा ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. हसत होते, दुसरं काय!

मग एका दुपारी मी नाद सोडला. म्हणजे टकळी फिरत होती, पण लक्ष नव्हतं. तिरकं ऊन खोलीत आलं होतं आणि लोकरीचे बारीक तंतू त्यात तरंगत होते. गौरी लहानपणी तापातून उठली की अशाच उन्हात माझ्या मांडीवर डोकं टेकून पडायची आणि केसांतून हात फिरव म्हणायची. ते आठवता आठवता माझे हात आपसूक लांब गेले, आणि पाहते तर सूत येत होतं! मी पाहिलं, की तुटलं. तेव्हापासून रोज दुपारी मी मुद्दाम विसरायला बसते. मग काय काय दिसतं म्हणून सांगू? शेगडीवर ओव्याची धुरी, डब्यात अळिवाचे लाडू, दोरीवर चिमुकले लंगोट. बाळ कुरकुरतंय, गौरी उठायला बघतेय आणि मी म्हणतेय, तू नीज, मी आहे. सूत लांबत जातं आणि ह्यांचा चहा राहून जातो. विहीणबाई, फार सुख वाटतं. आणि टकळी थांबली की घर इतकं रिकामं वाटतं, की मी घाईघाईने पुन्हा लोकर हातात घेते.

लोकर थोडी टोचते, पण आतून माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर लावता येईल. व्याहीबुवांना नमस्कार, अनिकेतरावांना आशीर्वाद. गौरीला जपताच आहात, ते मी जाणते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
पद्मजा

ता. क. बाळंतपणाबद्दल पत्रात लिहिणार नव्हते आणि लिहिलंही नाही, हा ता. क. आहे. गौरीला पाठवा. जिनिंग बंद असेल, आमचं घर बंद नाही. पोटच्या पोरीचा बोजा होत नसतो हो. डॉक्टरीणबाई आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. हे पत्र घेऊन हे स्वतः जीप करून आलेत आणि आता तुमच्यासमोर बसले असतील. आत काय आहे ते ह्यांना ठाऊक नाही. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायला पाठवलंय, असंच ह्यांना वाटतं.

आणखी एक ता. क. सूत पाठवा, टोपडं इथेच करून घेऊ, असं तुमच्या मनात येईल म्हणून सांगते. सूत मी देणार नाही, ते कळंबलाच राहील. आणि मला विणता येत नाही. आमच्या घरात विणता येतं ते फक्त गौरीला.