शिवेचा दगड

६ एप्रिल १९२०

दगड निघाला! आम्ही खणतोय त्या टेकाडाच्या उत्तरेच्या उतारावर. पेनरिथसाहेब चरातच गुडघ्यांवर बसले, फुंकर मारून माती उडवू लागले. मी त्यांचा दुभाषा. मला म्हणाले, "बहनाम, वाच." मला येतात त्या चारदोन खुणा — शेत. पाणी. राजा. पुन्हा शेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ही खिळ्यांसारखी अक्षरं कोरली आणि आज ती माझ्या अंगठ्याखाली! जेवण सुचलं नाही.

९ एप्रिल

अर्थ लागला. शिवेचा दगड आहे तो. लगश आणि उम्मा, दोन शहरं, एक पाट, मधे बार्लीचं एक शेत. उम्मावाले पाटाच्या तोंडाशी, लगशवाले शेपटाला. वरच्यांनी पाणी अडवायचं, खालच्यांनी भांडायला जायचं. लगशचा राजा लिहितो — शीव देवाने आखली, वरच्यांनी दगड उपटला, मी परत रोवला, जो ओलांडेल त्याचं वाटोळं होवो.

घरी आल्यावर हे हाजिया रसमियाला सांगितलं. तिच्याच घरी मी एवढी वर्षं राहतो. खालच्या गावच्या खय्यून शेखची विधवा बहीण. ती भाकरी थापत होती. हसत सुटली. "अरे मोसलवाल्या, हे तर आमचंच! नावं तेवढी बदललीस."

मग हसणं थांबलं. तिचा मुलगा जबार गेल्या वर्षी पाटाच्या दाराशीच मेला. वरच्या गावच्या मिझहिर शेखच्या थोरल्याने, सगबानने, गोळी घातली.

११ एप्रिल

खय्यून शेखच्या बोरूंनी बांधलेल्या बैठकीत बोलावणं. गोष्ट सांगितली. सगळे क्षणात लगशचे झाले! "बघा, तेव्हापासून वरचे चोर!" एक म्हातारा तर डोळे पुसत होता, त्या राजासाठी!

१५ एप्रिल

आता मिझहिरचं बोलावणं. खालच्यांनी ऐकलं, मग आम्ही काय पाप केलं? नीट ऐकून घेतलं त्याने. कॉफीचा पेला खाली ठेवला. "दगड कुणी लिहिला?"

"लगशच्या राजाने."

"म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश! उम्मावाल्याचं म्हणणं कुठंय?"

साहेबांना विचारलं. त्यांनी पाइप तोंडातून काढला. म्हणाले, "बहुतेक अजून मातीतच आहे."

हा प्रश्न मला का नाही सुचला?

३ मे

इथला कारभार बघणारा गोरा कॅप्टन टेकाडावर आला होता. पाटाच्या दाराची चावी त्याच्याकडे. कधी मिझहिरला देतो, कधी खय्यूनला. जेवताना साहेबांना म्हणाला, "पाण्यावरून भांडताहेत तोवर माझ्या तारायंत्राच्या तारा शाबूत." मी समोरच बसलो होतो. दुभाषा म्हणजे खुर्चीच की!

ताट सारून उठलो.

१२ जून

चावी वर गेली. खाली खाचरं तडकलीत. खय्यूनची पोरं बंदुका पुसताहेत. रमजानचा महिना, ईदपर्यंत थांबतील म्हणे. पुढे?

१४ जून

काल रात्री रसमियाने विचारलं, "शेवटी शेत कुणाला मिळालं रे?"

खरंच, कुणाला? सकाळी साहेबांना गाठलं. वरच्यांनी लगश जाळलं, देवळंसुद्धा सोडली नाहीत. मग उत्तरेकडून तिसराच एक राजा आला. त्याने उम्माच्या त्या जिंकलेल्या राजाच्या मानेत खोडा अडकवून त्याला आपल्या दैवताच्या दारापर्यंत नेलं. दोन्ही शहरं त्याची. पुढे शेताला मीठ फुटलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "त्यांच्यात एकही बाई नव्हती?"

२० जून

ईद झाली. आज रसमिया घरातून निघाली, एकटीच. कुठे? "वर." मी मागे धावलो. "हाजिया, वेड लागलंय का? सगबानचं घर ते!" तिने वळूनही पाहिलं नाही.

मिझहिरच्या दारात जाऊन बसली. त्याने कॉफी पुढे केली. तिने पेला तसाच जमिनीवर ठेवला. पाहुण्याने कॉफी पिण्याआधी काही मागितलं तर यजमानाला नाही म्हणता येत नाही!

"माग, बहिणी," मिझहिर म्हणाला. "सगबानचा जीव मागायचा तर माग."

सगबान कोपऱ्यात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"तो घेऊन मी काय करू? माझा उठून येणारे का?" ती म्हणाली. "मला पाण्याची पाळी हवी. एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही. आणि चावी त्या परक्याला परत नेऊन द्या. कुलूप तोडा, दार आपल्या हातांनी उघडा. खुनाची भरपाई मी सोडली."

"दिलं," मिझहिर म्हणाला. मग पेला उचलून स्वतःच्या हाताने तिला दिला. प्यायली ती. येताना मात्र सगळी वाट रडत होती. "जबार माफ करील का रे मला?"

४ जुलै

रुमैथाकडे गोऱ्यांशी लढाई पेटलीय. काल दोन्ही गावांनी मिळून तारा तोडल्या.

९ जुलै

पेनरिथसाहेब नावेने गेले. मिझहिरची माणसं आडवी आली होती. "पाहुणा जाईल. दगड राहील." साहेब दगडाच्या पेटीवर हात ठेवून लहान मुलासारखे उभे होते. मला म्हणाले, "चल बहनाम, इथे तुझं कोण आहे?" मी म्हटलं, मागून येतो. खोटं बोललो. का, ते अजून कळत नाही. भला माणूस. नाव वळणाआड जाईपर्यंत उभा होतो.

२ ऑगस्ट

गोऱ्यांची विमानं आली. खालचं गाव जळलं. रसमिया गेली.

जनाज्याला पुढून सगबानने खांदा दिला. त्याच्या मागे मी. कबरस्तानाच्या वाटेवर कॅप्टनचा शिपाई पांढरं निशाण घेऊन आला — बोलणी करायचीत, दुभाषा कुठंय?

मिझहिर म्हणाला, "इथे दुभाषा कुणी नाही. सगळी घरचीच माणसं आहेत."