सारिकाची घागर

८ एप्रिल, धुळे

पोचले एकदाची. बोदवडहून जळगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. खिडकीची जागा मिळाली, पारोळ्याला उसाचा रस मिळाला, म्हणजे दिवस थाटातच गेला म्हणायचा. घरी सांगितलंय की ब्लाऊजच्या नव्या कटिंगचा कोर्स आहे. नवऱ्याने, योगराजने, एका शब्दाने विचारलं नाही. त्याला ब्लाऊजमधलं काय कळणार म्हणा. लेक मात्र गळ्यात पडली. आई कोकिळा, आखाजीला येशील ना, झोका बांधायचाय, हेच डिंपलचं चाललं होतं; लाडात आली की ती मला अशीच नावाने हाक मारते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, एकोणीसला, मी सतरालाच घरी असेन, असं तिला कबूल करून निघाले.

खरं काम वेगळं आहे. मी स्त्रीबीज द्यायला आले आहे, मूल होत नाही अशा कुठल्यातरी बाईसाठी. जळगावात मागे एकदा दिलं होतं, सगळं रीतसर, माझ्याच नावाने. पण कायद्याने बाईला हे आयुष्यात एकदाच करता येतं. म्हणून या खेपेला एजंट भूपेंद्रभाऊंनी दुसऱ्या बाईच्या नावाचं आधार कार्ड आणलंय, फोटो माझा. इथे मी सारिका. कोकिळा हे नाव कोणापुढे काढायचं नाही, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली आहे. यातून शिवणाची मोठी मशीन येईल, ओसरीत दुकान टाकीन. यात कोणाचं काय बिघडलं?

जागा दवाखान्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकाला इंदिराबाई. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली पळी थांबली. मग म्हणाल्या, जेव माय. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती. हाताला चव आहे बाईंच्या.

११ एप्रिल

रोज सकाळी पोटात सुई. दुखत नाही फारसं. त्याहून जास्त त्रास तालमीचा आहे. भूपेंद्रभाऊ कधीही दारातून, जिन्यातून ‘सारिका’ म्हणून हाक मारतात आणि मी लगेच ओ द्यायची. दवाखान्यात नावाने पुकारलं आणि मी ढिम्म बसले तर सगळ्यांचीच पंचाईत. पहिल्या दिवशी दोनदा चुकले. आता भांडी घासतानाही तोंडातून ओ निघते. लग्नात नाव बदललं तेव्हासुद्धा इतकी तालीम झाली नव्हती.

खोलीत रुपा नावाची दुसरी बाई आहे, चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. पावसावरची शेती, एक मुलगा. तीही याच कामाला. ती उद्या जाईल. आज तिने एक गोष्ट दाखवून दिली. इंदिराबाई तिला रुपा म्हणतात, झाडूवालीलाही नावाने हाक मारतात. मला फक्त पोरी म्हणतात. मी म्हटलं, लाडाची आहे मी.

१४ एप्रिल

सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम खूश. मी विचारलं, बीजं सातच काढतात ना, जळगावात तसं सांगितलं होतं. मॅडमनी भूपेंद्रभाऊंकडे बघितलं. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले की जास्त शहाणपण दाखवायचं नाही, इथे तू पहिल्यांदाच आलीस. सुईतलं औषध वाढवलंय. ओटीपोट जड झालंय, परकराची नाडी सैल करावी लागली.

घरी फोन लावला. डिंपलने उचलला आणि मी बोलून गेले, हॅलो, सारिका बोलतेय. राँग नंबर म्हणून पोरीने ठेवून दिला. पुन्हा लावला तेव्हा हसण्यावारी नेलं. स्वतःच्या लेकीला परक्या बाईचं नाव सांगितलं मी.

१७ एप्रिल

आज भूल देऊन बीजं काढली. शुद्धीवर येताना नर्स कोणाला तरी सांगत होती की सातावर कोण थांबतं, भरपूर निघाली.

घरी जायचं म्हटलं तर भूपेंद्रभाऊ म्हणतात, आखाजी झाली की जा, बसमध्ये काही झालं तर आमच्या गळ्यात. आधार कार्ड आणि फोन दोन्ही त्यांच्याकडे. डिंपलला सांगता आलं नाही याचं फार वाईट वाटतंय. वाट बघत असेल ती.

१९ एप्रिल, आखाजी

सणाच्या दिवशी लेकरापासून लांब. सकाळपासून रडू येतंय, म्हणून लिहायला बसले.

इंदिराबाईंनी नवी घागर आणली होती. पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. आपल्याकडे पितरांसाठी भरतात तशीच. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत गेलेल्यांची नावं घेऊ लागल्या. सासऱ्यांचं, सासूचं, भावाचं. मी आत खाटेवर पडले होते. शेवटच्या बोटाला त्या म्हणाल्या, सारिका.

मी ओ दिली.

सवयीने गेली तोंडातून. इंदिराबाई वळल्या. इतकं पांढरं पडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. कुंकवाचा करंडा तिथेच टाकून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या तोंडावर हात दाबून धरला, पण आता त्याचा काय उपयोग.

मग बाईंकडून सगळं कळलं. सारिका मागच्या वैशाखात याच खाटेवर होती. बीजं काढल्यावर तिचं पोट फुगलं, श्वास घेता येईना. भूपेंद्रभाऊ तिला उशिरा सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. परत आलं ते तिचं आधार कार्ड. तिची बीजं काढल्याची नोंद इथे केलीच नव्हती, म्हणून ते पुन्हा चाललं. तिला मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून घागर या बाई भरतात. ही तिची पहिली आखाजी.

मेलेल्या बाईचं नाव लावून मला आणलं होतं.

२० एप्रिल

बाई कालपासून एकच वाक्य बोलतात. जित्ता माणूसनी ओ दिन्ही ते पानी त्यानाच पोटमा जास. म्हणे मेलेल्याला मारलेल्या हाकेला जिवंत माणसाने ओ दिली, तर घागरीतलं पाणी त्याच्याच पोटात उतरतं. मी म्हटलं, बाई, हे खूळ आहे. बीजं काढल्यावर अशी सूज येऊ शकते, जळगावच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. लघवी कमी झाली, दम लागला, वजन वाढलं तर लगेच या म्हणाले होते. इथे कोणी काही सांगितलं नाही.

तहान मात्र फार लागतेय. घागरीत डोकावले. काल काठोकाठ भरली होती. आज गळ्याच्या खाली पाणी. बाहेरून कोरडी ठणठणीत, पाझरलेली नाही. कोणी प्यायलं असेल.

कोणीच प्यायलं नाही म्हणतात बाई.

२१ एप्रिल

पोट ताणलंय. डिंपलच्या वेळी सातव्या महिन्यात होतं तेवढं. उताणं झोपता येत नाही. टिचकी मारली की आत पाणी डुचमळतं.

घागर अर्धी.

बाईंनी ती मोरीत ओतायला उचलली होती. ओततील तेवढ्यात माझ्या पोटात अशी कळ आली की मी किंचाळले. त्यांनी तशीच खाली ठेवली.

भूपेंद्रभाऊंना बोलावलं. नारळपाणी पी, गॅस आहे म्हणाले. मी म्हटलं सरकारी दवाखान्यात न्या. ते शांतपणे म्हणाले, कोणाच्या नावाने नेऊ? सारिका तिथे मागच्या वर्षीच वारली. आणि तुझ्या नावाने नेलं तर एकदा दिलेली बाई दुसऱ्यांदा कशी आली, ते कोण सांगणार? जाताना बाहेरून कडी लावली.

मी कुठल्या नावाने जगू, देवा.

२२ एप्रिल

बसूनच लिहितेय. आडवं झालं की श्वास अडकतो. हात सुकलेत, पोट तेवढं भरत चाललंय.

बाई मागच्या दाराने आल्या. त्यांच्याकडे किल्ली असते. तुनं खरं नाव काय शे माय, असं विचारत होत्या, दवाखान्यात सांगायला. मी सांगितलं नाही. भीती वाटली. नाव एकदा यांच्या तोंडी बसलं की पुढच्या आखाजीला उंबरठ्यावर एक बोट माझं.

चुकलं का माझं? बाई चांगल्या आहेत. पण —

घागरीच्या तळाला ओंजळभर उरलंय.

२३ एप्रिल, दुपार

बाई रिक्षा आणायला गेल्यात. बाहेर ऊन. गल्लीत कोणी नाही. दवाखान्यात खरं सांगणार. सगळं सांगणार. मग पोलीस येवोत, नाहीतर योगराज हाकलून देवो. डिंपलला एकदा जवळ घ्यायचं आहे.

घागरीत बघत नाही. बघायचं नाही.

जिन्यातून हाक. सारिका म्हणून. बाईचा आवाज, पण इंदिराबाई नाहीत. ओ द्यायची नाही. तोंडात पदर कोंबलाय.

परत. अगदी दाराशी.

ओ द्यायची नाही कोकिळा, द्यायची नाही —

थांबली.

आता ती कोकिळा म्हणतेय. इथे कोणाला सांगितलं नाही मी. कोणालाच नाही. किती दिवसांनी कोणी माझ्या नावाने — डिंपल म्हणते तसंच, आई कोकिळा, आई को — पदर सुटला तोंडातला, मी ओ —