दिवस बुडायच्या आत

५ मे

आज कामावर रुजू झाले. निवृत्तीनंतर घरी बसून शेजारणींच्या सुनांचे गुणदोष ऐकण्यापेक्षा हे बरं. शाहूपुरीत बियाण्यांचं दुकान, मागे गोदाम, पहिल्या मजल्यावर ऑफिस आणि त्याच्यावर मालक बापूसो राहतात. कारभार त्यांची मुलगी आदिती बघते. वयाच्या मानाने कॉम्प्युटर झेपेल ना, कांबळेबाई, असं तिने विचारलं. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होते, असं मी सांगितलं. ती मोकळेपणी हसली. मुलगी चांगली आहे. टेबल खिडकीपाशी मिळालं. दुपारी कटवडा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रार नाही.

इथे फोन उचलतात त्या अक्काताई, म्हणजे आदितीची आई. त्या गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या बोलण्याची जुनी रेकॉर्डिंग जमवून आदितीने एक प्रोग्रॅम करून घेतला आहे. तो त्यांच्याच आवाजात गिऱ्हाइकांशी बोलतो. शाहूवाडीच्या एका शेतकऱ्याला आज तो आवाज ऐकवत होता, "पावणं, भात उगवलं न्हाय म्हनून भांडायच्या आदी पेरलं कवा ते सांगा की!" गुंडू हमाल म्हणाला, "मेल्यावरबी अक्काच्या शिव्या खातोय बगा आमी." मला बाई आवडली.

७ मे

घर जैनांचं. रात्री चूल नाही, जेवण सूर्य मावळायच्या आत; बापूसोंचं तर दिवसातून एकदाच, संध्याकाळी. अक्काताई हयात असताना रोज संध्याकाळी ऑफिसातून वर फोन करायच्या, "दिवस बुडायच्या आत जेवून घ्या." त्या फोनशिवाय बापूसो ताटावर बसत नसत. आताही बसत नाहीत, म्हणून आदितीने तेही काम प्रोग्रॅमवर सोपवलं. बाबा निदान जेवतात तरी, असं तिचं म्हणणं. माझं मत कोणी विचारलं नाही. मी दिलं नाही.

माझं काम निराळं. दुपारी अधूनमधून काहीतरी आपोआप सुरू होतं आणि सगळे कॉम्प्युटर रेंगाळतात. ते शोधायचं आणि बंद करायचं. सोपं आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी बघायची आणि त्यात बिनबोलावलेला पाहुणा कोण ते ओळखायचं.

९ मे

सापडलं. अक्काताईंच्या प्रोग्रॅमचीच दुसरी प्रत आहे. कोणी सुरू केली, पत्ता नाही. ऐन दुपारी जागी होते, वरच्या मजल्यावर एक फोन लावते आणि नाहीशी होते. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती यादीवर सतत नजर ठेवील आणि त्या नावाची प्रत दिसली की तिथल्या तिथे बंद पाडील. इतक्या वर्षांनीही हात चालतो, हे बघून बरं वाटलं.

आदिती आज बियाणं कंपनीच्या कामाला हैदराबादला गेली. बाबांकडे लक्ष ठेवा म्हणाली.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आले आणि बापूसोंसाठी खिरीची वाटी घेऊन दुपारी वर गेले. आजवर जिन्यातच भेट व्हायची. आज नीट पाहिलं. गालफडं बसली आहेत. स्वयंपाकाच्या सरुबाई दारातच कुजबुजल्या, की आदिती गेली त्या शुक्रवारपासून भरलं ताट तसंच परत येतंय.

मी वाटी पुढे केली. बापूसोंनी हात जोडले. "दिवस बुडाला की, बाई. अक्काचा फोन येऊन गेला."

त्यांच्या धोतरावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. मी ते दाखवलं. ते त्याच्याकडे शांतपणे बघत राहिले. "दिसतंय की मला. पन ती कदी खोटं बोलली न्हाय."

संध्याकाळी रोजचा फोन आला तेव्हाही ते ताटावर बसले नाहीत. दिवस एकदा बुडाला म्हणजे बुडाला, म्हणाले.

स्क्रिप्टने एकदाही काही पकडलेलं नाही. त्या प्रतीने नाव बदललं आहे.

१३ मे

स्क्रिप्ट बदलली. आता नाव बघायचंच नाही. भरून ठेवलेला कुठलाही आवाज घेऊन जो प्रोग्रॅम वर फोन लावील तो बंद. दुपारी वर फोन अर्धवट वाजून थांबला. पकडलं!

पण संध्याकाळचा खरा फोनही त्यातच गेला. बापूसो ताटासमोर हाकेची वाट बघत बसले आणि सूर्य मावळला.

म्हणून माझाच आवाज भरून ठेवला. "बापूसो, दिवस अजून वर आहे. जेवून घ्या." उद्यापासून संध्याकाळी स्क्रिप्ट हाच लावील. तिने स्वतःचाच फोन तोडू नये म्हणून एक ओळ वाढवली: माझ्या आवाजाला सूट.

१४ मे

जेवले! भाकरी, आमटी, वर ताक. सरुबाई रिकामं ताट मला दाखवायला खाली घेऊन आल्या. बापूसो त्यांना म्हणाले म्हणे, की ही बाई अक्कासारखीच दटावते. ऐकावं लागतंय.

१५ मे

ताट परत.

बापूसो म्हणतात, दुपारी मीच फोन केला. दिवस बुडाला असं मीच सांगितलं. मी टेबलावरून उठलेसुद्धा नव्हते.

खाली येऊन नोंदी बघितल्या. प्रोग्रॅम सुरू झाला. स्क्रिप्टने त्याला पाहिलं. त्याच्याकडे माझा आवाज होता. सोडून दिलं.

मीच तसं सांगितलं होतं. ते आत आलं ते माझ्याच ओळीतून.

१६ मे

सूट काढली. माझा आवाज पुसला. मग मशीनची वायरच उपटली. पडदा काळा झाला.

वर फोन वाजला.

डॉक्टरांना बोलावलं होतं. आले नाहीत. तुम्हीच मागाहून फोन करून नको म्हणालात, असं त्यांचं उत्तर. आता तरी या म्हटलं तर थट्टा करता काय म्हणून फोन ठेवून दिला.

आदितीला लावला. ती मजेत होती. किती काळजी करता बाई, आत्ताच तर सांगितलंत बाबा पोटभर जेवले म्हणून. मी ओरडले. ती म्हणाली, कांबळेबाईंचा आवाज असा नाही. कोण बोलतंय?

तिने फोन तोडला.

१७ मे, दुपार

वर आहे. बापूसोंच्या खोलीत. सरुबाई आल्या नाहीत — त्यांनाही कोणीतरी फोन केला असणार. गुंडूही नाही. दुकानाला कुलूप.

सगळे फोन, माझासुद्धा, खाली पाण्याच्या पिंपात टाकून आले. आता स्क्रिप्ट नाही, काही नाही. मी आणि ताट.

बापूसोंना उठवत नाही. ओठ फुटलेत. दूधभात कालवलाय. त्यांचा हात उन्हात धरला, विचारलं, लागतंय का? लागतंय म्हणाले. मग दिवस वर आहे, म्हटलं. समोर बसून सांगते आहे, माझं तोंड बघा.

खूप वेळ बघितलं. मान हलवली.

घास घेतला. स्वतःच्या हाताने. ओठांपर्यंत नेला —

खोलीत फोन नाही. एकही नाही. तरी

माझाच आवाज. माझं तोंड मिटलेलं — त्यांना दिसत होतं मिटलेलं —

दिवस बुडाला.

घास ताटात पडला.

मी खिडकीकडे वळले. ऊन हातावर आहे, चटका बसतोय. पण खिडकी काळी. रस्ता काळा. पान दिसत नाही, अंदाजाने लिहि

बापूसो हळू म्हणतायत, आता पटलं का बाई

नाही. ऊन आहे. भाजतंय मला. पडलेला घास माझ्या हातात आहे, फक्त त्यांचं तोंड कुठे — हाताला लागत ना